सेनापतीचा गुडघा

दुसऱ्या महिन्याची सहा तारीख

आज स्टेजवर मला उठताच आलं नाही.

शेवटचा प्रवेश. सीमेवरून परतलेला सेनापती आपल्या आंधळ्या आईला लांबून बघतो, तलवार टाकतो, हवेत उसळी मारून दोन्ही गुडघ्यांवर आदळतो आणि तसाच गुडघ्यांवर चालत सगळं स्टेज ओलांडून तिच्या पायांवर डोकं ठेवतो. ही गुडघेचाल बघायला माणसं दोन-तीन गावं ओलांडून येतात. मोक क्वाय-यिनसारखी गुडघेचाल नदीच्या ह्या काठावर कुणाची नाही. मोक क्वाय-यिन म्हणजे मी. पलीकडच्या काठाचं मला माहीत नाही, तिकडे आम्हाला बोलवत नाहीत.

तर आदळलो, चाललो, डोकं ठेवलं. आता आईने "ऊठ बाळा" म्हणायचं आणि मी उठायचं. आई म्हणाली. मी उठलो नाही. उजवा गुडघा गंजक्या बिजागरीसारखा अडकला होता. आई पुन्हा म्हणाली, जरा जोरात. मी खाली मुंडी घालून कुजबुजलो, "अडकलाय." तेव्हा आईने, म्हणजे माझ्या बायकोने, लिन-होने, माझ्या पाठीवर अंग टाकलं आणि पडदा पडेपर्यंत अशी काही रडली की ढोलवाला आ-लोई ताल विसरला. समोर प्लास्टिकच्या स्टुलांवर बसलेल्या म्हाताऱ्या बाह्यांनी डोळे पुसत होत्या. पडदा पडल्यावर मला चौघांनी कपड्यांच्या पेटाऱ्यासारखं उचलून नेलं.

कंपनीचा मालक फान धावत आला. "यिनदादा, काय ते न उठणं! रोज ठेवा!"

गुडघा पपनसाएवढा झालाय. दोष हवेचा आहे. दक्षिणेचा ओला वारा सुरू झाला की भिंतींना घाम फुटतो, आरशावरून पाणी ओघळतं, दोरीवरची चड्डी आठवडाभर वाळत नाही. माझ्या शिरस्त्राणाच्या पिसांवर हिरवी बुरशी आलीये. पिसांची ही गत, तर माणसाची काय!

दुसऱ्या महिन्याची आठ

लिन-होने कुणाची तरी स्कूटर मागून आणली आणि मला मागे बसवून बाजाराच्या गावी नेलं. तिथे मासळीच्या ओळीच्या टोकाला निळी ताडपत्री अंथरून एक म्हातारी मुळ्या आणि साली विकते. सगळा बाजार तिला चौथी आत्या म्हणतो. सत्तरी कधीच ओलांडलेली, आवाज फुटक्या झांजेसारखा, आणि बसते अशी की जणू बाजार तिच्या बापाचा.

"जीभ काढ," म्हणाली.

"दुखतोय गुडघा."

"गुडघ्याला जीभ नसते. तुझीच काढ."

काढली. तिने कोळंबी निवडताना बघावी तशी ती दोन्ही बाजूंनी बघितली. "कडेला दातांचे ठसे, वर पांढरा थर. ओल शिरलीये अंगात. तुला पिळला तर बादली भरेल. करतोस काय?"

"नट आहे. सेनापतीचं काम करतो."

"वय?"

"चौपन्न."

"एकसष्ट," लिन-हो म्हणाली.

"ह्या वयाचे सेनापती घोड्यावरून जातात," आत्या म्हणाली, "गुडघ्यांवरून नाही."

मग तिने पुड्या बांधायला घेतल्या. चोपचिनीच्या चकत्या, कसईचे दाणे, दालचिनीच्या काड्या, सुंठ, दोन-तीन जातींच्या मुळ्या, आणि तुतीच्या झाडावरचं बांडगूळ.

"बांडगूळ? ते कशाला?"

"जे दुसऱ्याला धरून लोंबतं, ते सांधे धरून ठेवतं."

मग फान मालकालाच उकळून प्यावं, म्हणजे बाकी काही लागणार नाही.

पुढे पथ्य. थंड बिअर बंद. भाजलेलं बदक बंद. केळी बंद. आंघोळ करून पंख्यासमोर बसणं बंद. उड्या महिनाभर बंद.

"मग जगायचं कशासाठी?"

"ते मी नाही सांगत. ते समोर देवळात विचार."

उड्या बंद करणं शक्यच नाही. पुढच्या महिन्याच्या तेवीसला समुद्रदेवीची जत्रा आहे. देवळाच्या पंचांनी फानला बजावलंय की सेनापतीची गुडघेचाल हवीच. मनासारखी झाली तर पुढच्या वर्षीही आम्हीच. नाही तर शेजारच्या तालुक्यातली ती मोठ्या पडद्यावर विजा चमकवणारी कंपनी टपून बसलेली आहेच. वीस माणसांची पोटं माझ्या गुडघ्यांच्या दोन वाट्यांवर उभी आहेत. त्यातली एक तडकलीये.

दुसऱ्या महिन्याची दहा

काढा सुरू. लिन-हो मातीच्या भांड्यात पाणी अर्धं आटेपर्यंत उकळते. चव कशी, तर ओली वहाण आणि बंद पडलेलं देऊळ एकत्र शिजवावं तशी. आम्ही सगळे शाळेच्या रिकाम्या वर्गात उतरलोय, त्यामुळे वास वीसही माणसांना फुकट मिळतो. आ-लोई म्हणाला, "यिनदादा, काही मेलंय का?"

"माझी तरुणाई," मी म्हटलं.

वर दिवसातून एकदा नागदवण्याची धुरी. सुक्या पाल्याची वात पेटवून गुडघ्याजवळ धरायची. लिन-हो धरते आणि बोलत राहते, त्यामुळे चटका आणि टोमणा एकाच जागी बसतो.

दुसऱ्या महिन्याची पंधरा

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बोललो तर भांडण होईल. लिन-हो आता चुकायला लागली आहे. आईची खुर्ची स्टेजच्या डाव्या टोकाला असते. इतकी वर्षं तिथेच आहे. गेल्या आठवड्यापासून ती रोज थोडी थोडी माझ्या बाजूला सरकते आहे. काल तर खुर्ची जवळजवळ मधोमध होती. मी आदळलो, चार पावलं गुडघ्यांवर गेलो आणि संपलंच! हात पसरून गाण्याची ओळ निम्मी राहिली.

विंगेत मी तिला म्हटलं, "आंधळी आहेस ना तू? मग मुलाच्या दिशेने खुर्ची कशी सरकते?"

"भूकंप झाला असेल," म्हणाली.

वय होतंय बिचारीचं. माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, पण बायका लवकर थकतात.

दुसऱ्या महिन्याची एकोणीस

चिंग-लामवर लक्ष ठेवायला हवं. ही माझी शिष्या. बावीस वर्षांची असताना आली, आता तिशीत आहे. उसळी मारते ती मांजरासारखी. तरी तिला मी सध्या शेजारणीचं काम दिलंय. आंधळ्या आईजवळ स्टुलावर बसून गावभरच्या चहाड्या सांगणारी म्हातारी. हलकंफुलकं काम आहे, शिकणाऱ्याने असंच काहीतरी करावं.

तर आज दुपारी मी लघवीला म्हणून शाळेच्या मागे गेलो, तर ही बाई पोत्यावर गुडघेचाल करत होती. मला बघून उभी राहिली.

"काय चाललंय?"

"काही नाही, गुरुजी. कानातलं पडलं होतं."

दोन्ही कानांत दोन्ही डूल होते. "सापडेल," म्हणून मी पुढे गेलो. सेनापतीने शत्रूला आपल्याला कळलंय हे कळू द्यायचं नसतं.

दुसऱ्या महिन्याची चोवीस

गुडघ्याची सूज उतरली. सकाळी उकिडवा बसून पेज प्यायलो, कुणाचा हात न धरता उठलो. काढा खरंच लागू पडला असावा, असं लिहितो आणि लगेच खोडावंसं वाटतं, कारण लिन-हो हे वाचेल.

हा आनंद एकट्याने साजरा करणं बरं नाही, म्हणून आ-लोईला घेऊन हायवेजवळच्या बदकवाल्याकडे गेलो.

दुसऱ्या महिन्याची सव्वीस

पुन्हा पपनस. औषधात काही दम नाही.

पुड्या परत करायला आत्याकडे गेलो. तिने जीभसुद्धा काढायला लावली नाही. "बिअर प्यायलास."

"एकच बाटली."

"आणि बदक."

"हे सगळं माझ्या तोंडावर लिहिलंय का?"

"शर्टावर."

मी खाली बघितलं. तेल होतं. मासळीवाल्या बायका हसल्या. आत्या म्हणाली, "हे बघ सेनापती, घरात नळ चालू ठेवून फरशी पुसायला माझ्याकडे पोतेरं नाही. पथ्य पाळायचं असेल तर पुड्या घेऊन जा. नसेल तर त्या मासळीवर बसू नकोस, ती विकायची आहे."

पुड्या घेऊन आलो. एवढ्या लोकांसमोर दुसरं काय करणार!

तिसऱ्या महिन्याची चार

पथ्य. पेज, वाफवलेली भाजी, पेज. गुडघा दिवसा बरा असतो, स्टेजवर आदळला की पुन्हा फुगतो. खुर्ची आता इतकी जवळ आलीये की आज मी आदळलो तो थेट तिच्या मांडीत. पंचांपैकी एकजण खेळ बघायला आला होता. फानला म्हणाला म्हणे, "चाल जरा आखूड वाटली. आमच्याकडे तेवीसला पूर्ण हवी."

फानने ते मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता गुडघ्याकडे बघत होता. मी सांगितलं, पूर्ण मिळेल. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा तरी छान वाटलं.

तिसऱ्या महिन्याची बारा

देव पावला. देव म्हणजे आ-लोईचा मेहुणा. त्याने डोंगरातल्या मुळ्या तांदळाच्या दारूत वर्षभर बुडवून चोळायचं औषध केलंय. आ-लोईने बरणी आणली. आत काळीशार, शिंगाच्या टोकासारखी मुळं. चार थेंब चोळले आणि गुडघ्यात आधी मुंग्या, मग ऊब, मग काहीच नाही. दुखणं गायब! इतक्या दिवसांत पहिल्यांदा गुडघा आहे हेच विसरलो.

आ-लोईने बजावलं, "यिनदादा, फक्त वरून. जखमेवर नाही, आणि तोंडात तर मुळीच नाही. बघ, मेहुण्याने चिकटवलंय." बरणीवर लाल अक्षरांत लिहिलंय, पिऊ नये.

दारूच्या बाटलीवर 'पिऊ नये' लिहिणारा माणूस म्हणजे कंजूषच असणार.

लिन-होला बरणी दाखवली. तिने वास घेतला आणि म्हणाली, "आत्याला विचारल्याशिवाय बोटसुद्धा लावू नकोस." मी म्हटलं, बरं. बोट लावलं नाहीच, कापूस लावला.

तिसऱ्या महिन्याची सोळा, सकाळ

सगळे देवळाच्या मैदानात स्टेज बांधायला गेलेत. आठवड्यावर जत्रा. मी वर्गात एकटा आहे. काल तालीम म्हणून पूर्ण गुडघेचाल करून बघितली, निम्म्यात कोसळलो. चोळण्याचा गुण दोन तासच टिकतो.

म्हणून शांत डोक्याने विचार केला. ओल आत आहे. म्हणजे औषध आत जायला हवं. वरून चोळणं म्हणजे गळक्या घराला बाहेरून रंग देणं. जे चार थेंबांनी कातडीवरून एवढा गुण देतं, ते एक पेला पोटातून किती देईल! हा विचार चौथ्या आत्याला सुचला नाही, कारण ती नट नाही.

पेला घेतला. लहानच. चव वाईट नाही, मातकट आणि जराशी गोड. काढ्यापेक्षा लाखपटीने बरी.

थोड्या वेळाने लिहितोय. ओठांना मुंग्या आल्यात. जीभ बधिर. म्हणजे लागू पडतंय, फक्त सुरुवात वरून झालीये, गुडघ्यापर्यंत उतरायला वेळ लागेल.

बोटं पण. पेन नीट धरता ये

तिसऱ्या महिन्याची अठरा, तालुक्याचं हॉस्पिटल

जिवंत आहे. इथले सगळे मला हे एखाद्या तक्रारीसारखं सांगतात.

चिंग-लाम शेजारणीचा टोप विसरली होती, म्हणून परत आली आणि मी तिला फळ्याखाली ओकत पडलेला दिसलो. तिने मला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळत नेलं म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही. एवढंच आठवतं की छातीत आ-लोई बसला होता आणि तीन वेगवेगळे ताल एकाच वेळी वाजवत होता.

डॉक्टर कोवळी मुलगी आहे. तिने विचारलं, "काय प्यायलात?" मी तोंड उघडलं, शब्द फुटेना. लिन-होने बरणी पुढे केली. डॉक्टरने लाल अक्षरं वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा अक्षरं वाचली.

"आजोबांना वाचता येतं ना?"

दोन दिवस छातीला वायरी लावून ठेवल्या. आता हृदय सरळ चालतंय. आ-लोई येऊन ओक्साबोक्शी रडला. मीच त्याची समजूत काढली. ढोलवाला रडला की फार बेताल रडतो.

दुपारी चौथी आत्या आली. नातवाच्या स्कूटरवर बसून, एवढ्या लांब, मला शिव्या द्यायला. "बचनाग! अरे, ज्या मुळाला कीडसुद्धा तोंड लावत नाही, ते तू पेल्यात घेतलंस? जाणता माणूस ते तासन् तास उकळून त्याचं विष मारतो आणि तरी हात जोडून वापरतो. आणि हे कच्चं, दारूत मुरलेलं! एवढ्याने बैलसुद्धा गेला असता, तू वाचलास; पण बैलाला अक्कल असते, तो सुरुवातच करत नाही."

सगळा वॉर्ड ऐकत होता. मग ती खुर्चीवर बसली. जाताना म्हणाली, "माझा धाकटा भाऊ अगदी तुझ्यासारखाच हुशार होता."

"असं? काय करतो तो सध्या?" मी विचारलं.

लिन-होने चादरीखालून मला चिमटा काढला. का, ते कळलं नाही.

तिसऱ्या महिन्याची वीस

सोडलं मला. उड्या, आदळणं, दारू, सगळं बंद. डॉक्टरने लिहून दिलंय, आणि लिन-होने तो कागद फानच्या हातात दिला. मी मागत होतो तर मला दिला नाही.

मैदानात पोचलो तर तालीम चालू होती. सेनापतीचा पोशाख घालून चिंग-लाम उभी. माझा पोशाख! तिने तलवार टाकली, उसळली, आदळली आणि गुडघ्यांवर निघाली. एकेक ओळ, एकेक श्वास पाठ. हे काल-परवाचं पाठांतर नव्हे. महिनोन्‌महिने चोरी चालू असणार.

"कुणी शिकवलं तुला?" मी ओरडलो.

ती थांबली. लिन-हो खुर्चीवरून म्हणाली, "मी सांगितलं शिकायला. मागच्या थंडीत. तुझा गुडघा तुझ्याआधी मला कळतो. आता गप्प बस आणि बघ."

मग बघितलं. आणि एक गोष्ट दिसली. चालताना पोरगी डावा खांदा खाली पाडते. अगदी माझ्यासारखा. लोकांना वाटतं ती माझी खास लकब आहे.

"खांदा!" मी म्हटलं. "खांदा का पाडतेस?"

"तुम्ही पाडता, गुरुजी."

"अगं मूर्ख मुली, मी पाडतो कारण उजवा गुडघा वजन घेत नाही! आठ वर्षं घेत नाही! तुझे दोन्ही धड आहेत ना? मग सरळ जा की!"

आ-लोईच्या हातातली काठी तशीच वर राहिली. मी काय बोलून बसलो ते मला नंतर कळलं. फान खोकला. लिन-हो तोंड फिरवून न पडलेलं काहीतरी शोधत बसली.

चिंग-लाम मागे गेली, पुन्हा आदळली, आणि सरळ गेली. शपथेवर सांगतो, मी तिच्या वयाचा असतानाही तसा गेलो नव्हतो. हे इथेच राहू दे.

एक मात्र खटकलं. लिन-होने खुर्ची पुन्हा डाव्या टोकाला, अगदी जुन्या जागी नेऊन ठेवलीये. बिचाऱ्या पोरीला सगळं स्टेज गुडघ्यांवर चालवते. माझ्या वेळी एवढी जवळ यायची, आणि आता परकी पोर म्हटल्यावर ही निष्ठुरता! बायकांचं बायकांशी पटत नाही ते असं.

तिसऱ्या महिन्याची एकवीस

चिंग-लाम सेनापती, तर शेजारीण कोण? फान माझ्याकडे आला. दाराशीच उभा राहिला, आत यायची हिंमत नव्हती.

"यिनदादा, पंचांना फलकावर तुमचं नाव हवंय. आणि शेजारणीला काय, स्टुलावर बसायचंय..."

"मोक क्वाय-यिन झगा घालून चहाड्या सांगणार? त्यापेक्षा ती उरलेली बरणी आण."

"बरणी मी नाल्यात ओतली," लिन-हो तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "फान, सोड ना. त्याला नाही जमायचं. रडवणं सोपं असतं, तलवार टाकली की रडतात. हसवायला नट लागतो."

ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. खडे काढत होती.

झगा मागवलाय. जमायचं नाही म्हणे!

तिसऱ्या महिन्याची चोवीस

काल जत्रा झाली. सकाळी लिहितोय, सगळे अजून घोरतायत.

मैदान भरून माणसं रस्त्यावर गेली होती. पहिल्या ओळीत, स्वतःचं स्टूल घेऊन आलेली चौथी आत्या. तिला बघितलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. हॉस्पिटलमधला सगळा वॉर्ड आठवला. म्हटलं, थांब म्हातारे, आज हिशेब.

मी स्टेजवर आलो तेच तिच्यासारखा, कमरेवर हात, बाजार बापाचा असल्यासारखा. स्टुलावर बसलो, फुटक्या झांजेचा आवाज लावला आणि आंधळ्या आईला म्हटलं, "मुलाची वाट बघतेस? जीभ काढ!"

नाटकात हे नाही. लिन-हो क्षणभर थांबली. मग तिने जीभ काढली.

"अगंबाई! ओल! सगळी वाट बघण्याची ओल आहे ही. तुला पिळली तर मुलगा नावेतून येईल!"

मैदान फुटलं. बाजारातल्या सगळ्यांनी आवाज ओळखला होता. मासळीवाल्या बायका एकमेकींना बडवत होत्या, माना वळवून आत्याकडे बघत होत्या. मग मी थांबतो कशाला! सुनांना पथ्यं सांगितली, पंचांना पथ्यं सांगितली, सम्राटाला भाजलेलं बदक बंद केलं, सीमेवरच्या शत्रूला केळी बंद केली.

आणि मग मला लिन-होचे खांदे दिसले. आंधळी आई, बारा वर्षं रडून जिचे डोळे गेलेत, ती हसत होती. तोंडावर बाही दाबून, पाठ फिरवून, गदगदून. तिला तिची ओळ म्हणताच येईना. मी तिची ओळ म्हटली, तर आणखी हसली. आम्ही इतकी वर्षं एकत्र काम करतोय, पावसात, चिखलात, एकदा तर कुत्रं स्टेजवर येऊन माझी दाढी घेऊन गेलं तेव्हाही ही बाई कधी हसली नव्हती. स्टेजवर मी तिला फक्त रडवत आलो.

शेवटी चिंग-लाम आली. तलवार टाकली. आदळली तेव्हा फळ्या वाजल्या. आणि मग सगळं स्टेज, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ खांद्यांनी. आत्ता हसणारं मैदान असं गप्प झालं की देवळातली उदबत्ती जळताना ऐकू यावी. शेजारणीने इथे डोळे टिपायचे असतात. मला काही करावं लागलं नाही, आपोआप सगळा रंग वाहून गळ्यापर्यंत आला. ह्या दमट हवेत रंग टिकतच नाही.

पडद्यामागे आत्या आली. लोक बाजूला सरकले. मी झग्यातच होतो, गालावर शेजारणीचा चिकटवलेला तीळ तसाच. ती मला खालपासून वरपर्यंत बघत राहिली.

"मी अशी बोलत नाही!" ती म्हणाली.

नेमक्या त्याच आवाजात. सगळे इतके हसले की पंचांना आत येऊन बघावं लागलं. आत्याला कळेना काय झालं. तिने मला जीभ काढायला लावली, बघितली, म्हणाली, "बरी आहे. पुड्या चालू ठेव." आणि स्टूल उचलून गेली.

पंचांनी पुढच्या वर्षीचं आत्ताच पक्कं केलं. अट एकच. मला वाटलं गुडघेचाल. फान म्हणाला, "ती आहेच. पण पुढच्या वर्षी दोन दिवस खेळ आहे, आणि त्यांना तुमची म्हातारी दोन्ही दिवस हवी."

तिसऱ्या महिन्याची अठ्ठावीस

नवं गाव, तोच ओला वारा. दुपारी फलक रंगवणारा विचारायला आला, सेनापतीपुढे कुणाचं नाव. मी म्हटलं चिंग-लामचं. ठळक काढ, लांबून वाचता यायला हवं. माझं खाली, शेजारणीपुढे. तो निघून गेल्यावर वाटलं, परत बोलवावं. पण गुडघा दुखत होता.

दुखतो अजून. आत्या म्हणते, उन्हाळ्यापर्यंत पुड्या, आणि मग बघू. सूज नाही. डॉक्टर म्हणते, झिजलाय, नवा येणार नाही, जपून वापरा. दोघींना एकाच खोलीत कोंडलं तर कोण जिंकेल ते बघायला मी पेज सोडायला तयार आहे.

आत्ता लिन-हो माझ्या गालावर तीळ चिकटवतेय. "हलू नकोस मेल्या, वाकडा बसतोय." म्हटलं, लिहितोय. म्हणाली, काय लिहितोस एवढं. दाखवलं नाही.

सेनापती होतो तेव्हा सबंध नाटकभर मी सीमेवर असायचो. हिच्याजवळ पोचायचो तो शेवटच्या क्षणी, पायाशी, आणि डोकं टेकवतो न टेकवतो तोच पडदा पडायचा. आता पहिल्या प्रवेशापासून शेजारीच बसतो. बसून बसून कंटाळा येतो. मधेच ती कुणाला दिसणार नाही असं मला कोपराने ढोसते, की बाबा, हसवू नकोस.

ढोल वाजला. जातो.